उभे थर, आडवे थर आणि आवारातील विहीर

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी सहलीचा वृत्तांत लिहून द्यावा, अशी आज्ञा कार्यवाहांकडून झाली, तेव्हा मी प्रथम नाखूष होतो. सहलीचे वृत्तांत म्हणजे गाडी किती वाजता सुटली, न्याहारीला काय होते आणि परतताना मुलांनी कोणती गाणी म्हटली, एवढेच बहुधा असते. परंतु जानेवारीतील आपल्या दोन दिवसांच्या सहलीचा संबंध वसतिगृहाच्या पाण्याशी आहे, आणि त्या पाण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक होता होता राहिली आहे. ती सभासदांपुढे मांडावी, म्हणून लिहावयास बसलो.

मागील उन्हाळ्यातील सभा आठवत असेल. वसतिगृहाच्या आवारातील जुनी विहीर बुजवावी आणि त्या जागी वाहनांसाठी शेड बांधावी, असा ठराव त्या सभेत आला होता. त्याला अनुमोदन देणारा मीच. विहिरीत कचरा पडला होता, कठडा ढासळला होता, मुलांच्या जिवाला धोका होता. आणि दोन-दोन बोअर मारलेल्या असताना विहीर हवी कशाला, असे मी भर सभेत म्हणालो होतो. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पहिली बोअर २८० फुटांची; ती दोन उन्हाळे चालली आणि आटली. दुसरी ५२० फूट खोल नेली, तीतून शेवटी पांढरी-करडी धूळ तेवढी वर आली. ती जागा एका पाणाड्याने दाखवली होती. त्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता, हे मीही पाहिले आहे. पैसे संपल्यामुळे शेड राहिली, आणि शेड राहिल्यामुळे विहीर वाचली, एवढाच काय तो आमचा शहाणपणा.

आपल्या एका विश्वस्तांचे स्नेही भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. विहीर पाहण्यासाठी त्यांना बोलावले, तर ते म्हणाले, "विहीर शेवटी पाहू. आधी दोन दिवस माझ्याबरोबर चला. दुखणे एका ठिकाणी असते आणि त्याचे मूळ दुसऱ्या ठिकाणी." महोत्सवाची सहल काढावयाचीच होती. वसतिगृहातील थोरली मुले, काही कुटुंबे, आणि तरुणपणी विहिरी खणण्याच्या कामावर असलेले आपले वयोवृद्ध चाचा, असे आम्ही बेचाळीस जण पहाटे बेळगावहून निघालो.

पहिला मुक्काम गोकाकचा धबधबा. पावसाळ्यात घटप्रभेचे तांबडे पाणी येथे सुमारे १७० फूट खाली कोसळते, तेव्हा माणसे पाणी पाहतात आणि परत जातात. जानेवारीत पाणी थोडे असते, त्यामुळे खडक पाहावयास मिळतो, आणि आम्हाला तेच हवे होते. कड्याच्या अंगावर एकावर एक रचलेल्या फळ्यांसारखे थर स्पष्ट दिसतात. ते जवळजवळ आडवे आहेत. प्राध्यापकांनी एक तुकडा फोडून मुलांच्या हाती दिला. तो वाळूचाच, पण बोटाने घासून कण सुटेनात. वाळूच्या कणांमधील फटी सिलिकेने अशा भरून आल्या आहेत की दगड फुटतो तो कणांच्या मधून नव्हे, तर कण फोडून. याला क्वार्टझाइट म्हणतात. मग त्यांनी तांब्याभर पाणी दगडाच्या पाठीवर ओतावयास सांगितले. पाणी घरंगळत गेले, दगडाने एक थेंबही प्यायला नाही. आणि पुढे एक बारीक चीर लागली, तिच्यात ते पाहता पाहता नाहीसे झाले.

"एवढे लक्षात ठेवा," ते म्हणाले. "आपल्या मुलखात दगड पाणी पीत नाही. चीर पिते."

जवळच एका सपाट थरावर लहान लहान लाटा गोठल्यासारख्या दिसत होत्या. समुद्रकिनारी ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशाच. उथळ पाण्याने वाळूवर केलेली ती नक्षी होती आणि तीच पुढे दगड झाली. या लाटा ध्यानात ठेवाव्यात, कारण दुपारी त्यांनीच आम्हाला बुचकळ्यात पाडले.

गोकाकच्या पश्चिमेस व उत्तरेस हा वालुकामय खडक आपल्या परिचयाच्या काळ्या खडकाखाली जातो. तो काळा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हारसाचे थर, म्हणजे बेसाल्ट. महाबळेश्वरकडे त्याची जाडी मैलाच्याही पुढे जाते आणि आपल्या बाजूला, या पठाराच्या दक्षिण कडेला, तो पातळ होत होत संपतो. खालचा खडक मात्र संपत नाही. सिंधुदुर्गात फोंडा घाटाच्या पायथ्याकडे नद्यांनी बेसाल्ट कापून काढला आहे, तेथे याच जातीचा खडक पुन्हा डोके वर काढतो.

येथे मला माझ्याच धड्याची आठवण झाली. अठरा वर्षे मी वर्गात सह्याद्री शिकवीत आलो आहे. मुलांनी नकाशात तपकिरी रंग भरला की पर्वत शिकवून झाला, असे आम्हा शिक्षकांना वाटते. परंतु सह्याद्रीत जमीन दाबली जाऊन वळ्या पडलेल्या नाहीत. लाव्हाचे थर आडवेच आहेत. पठार उचलले गेले, पश्चिमेकडील कडा पाऊसपाण्याने झिजली, आणि कोकणातून पाहणाऱ्याला ती तुटलेली कडा पर्वतासारखी दिसते. मग या भागात जमीन खरोखर चुरगळली गेल्याचा पुरावा कोठे आहे? प्राध्यापक म्हणाले, "बागलकोटकडे चला. पण मान वर करून पाहू नका, तो गुडघ्याएवढ्या उंचीवर आहे."

गोकाकात करदंट घेण्यासाठी पाऊण तास गेला. तो वृत्तांत कार्यवाहांनी वेगळा लिहावा.

मुधोळवरून लोकापूरच्या पुढे आलो तेव्हा ऊन चढले होते. कलादगीचे नाव आता लोक डाळिंबे-चिकूंमुळे घेतात; पूर्वी ते जिल्ह्याचे ठाणे होते. शास्त्रज्ञांना हे नाव आणखी एका कारणाने ठाऊक आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रॉबर्ट ब्रूस फूट या प्रदेशात फिरले आणि १८७६ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या नावातच 'दक्षिण मराठा देश' आहे. येथील जुन्या गाळखडकांना त्यांनी कलादगीचे नाव दिले, आणि तेच नाव आजही चालते.

लोकापूर आणि कलादगी यांच्या दरम्यान रस्त्यापासून थोडे आत एक सोडून दिलेली खाण आहे. बाहेरून पाहता काही नाही. बाभळी, शेळ्या, आणि पुरुषभर उंचीचे दगडी कंगोरे. आत उतरल्यावर मात्र सगळे गप्प झाले. सकाळी गोकाकला जे थर झोपलेले पाहिले होते, ते येथे उभे होते. कपाटात पुस्तके लावावीत, तसे. प्राध्यापकांनी कोनमापक लावून मुलांकडून मोजून घेतले: आडव्याशी ६५ अंश. पन्नास पावले पुढे गेलो, तर तेच थर उलट बाजूला कललेले. मधली कमान झिजून गेली आहे आणि तिचे दोन पाय तेवढे राहिले आहेत.

एका मुलाने शंका काढली, आणि ती चांगली होती. "सर, हे थर पहिल्यापासूनच उभे साचले नसतील कशावरून?"

प्राध्यापकांनी उत्तर दिले नाही. त्याला खाणीच्या एका भिंतीपाशी नेले. भिंतीवर लाटा होत्या. सकाळी पाहिलेल्या त्याच, बोटभर रुंदीच्या, पण आता भिंतीवर. शेजारच्या पातळ थरावर वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला पडतात तशा भेगांचे जाळे होते, तेही भिंतीवरच. मुलगा बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "भिंतीवर तळे कसे साचेल?"

साचणार नाहीच. गाळ पाण्याखाली आडवाच बसतो. तो आडवा बसला, त्यावर लाटा उमटल्या, तळ्याचा काठ उन्हात वाळून भेगाळला, त्यावर पुन्हा गाळ आला, सगळ्याचा दगड झाला, आणि त्यानंतर केव्हातरी हा दगडी तळ उचलून उभा केला गेला. आजीबाईंपैकी एकीने विचारले, दगड मोडल्याशिवाय वाकेल कसा? जमिनीखाली खोलवर, प्रचंड भाराखाली आणि उष्णतेत, फार सावकाश दाब आला तर दगडही वाकतो; घाई केली तर मोडतो. प्राध्यापकांनी बसमधील गोधडी मागवली, खाणीच्या तळावर पसरली आणि एका बाजूने दोन्ही हातांनी रेटली. तिच्या वळ्या पडल्या, सर्व एकाच दिशेच्या. बागलकोट, कलादगी, लोकापूर या टापूत दगडाच्या वळ्या अशाच साधारण पूर्व-पश्चिम लांबलेल्या आहेत; म्हणजे दाब उत्तर-दक्षिण दिशेने होता.

हा दाब कोठून आला, याविषयी मात्र एकमत नाही. काहींच्या मते भूखंडाच्या तुकड्यांच्या रेट्याने येथील गाळ चेपला गेला, जसा पुढे फार अलीकडे हिमालयाचा गाळ चेपला गेला. दुसरे एक मत असे की, तळाचा जुना कठीण खडक कलला आणि त्यावरचा गाळखडकांचा सगळा थर निसरड्या चिखलथरावरून स्वतःच्या वजनाने घसरला. घसरताना पुढचा भाग अडला आणि मागच्याच्या वळ्या पडल्या. गोधडी रेटली तरी वळ्या पडतात आणि उतरत्या पलंगावरून घसरली तरी पडतात. वळ्या खऱ्या, त्यांचे कारण शोधण्याचे काम चालू आहे. पाठ्यपुस्तकात एकच कारण ठळक अक्षरांत छापलेले असते, म्हणून मुलांपुढे हा मतभेद आला याचे मला समाधान वाटले.

संध्याकाळी बदामीला पोहोचलो आणि रात्री धर्मशाळेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी पाहिली. तिसऱ्या लेण्यातील शिलालेख इ. स. ५७८ चा आहे, हे वाटाड्या सांगतच होता. आमचे प्राध्यापक मात्र मूर्तींकडे पाठ करून भिंतीकडे पाहत होते, त्यामुळे वाटाड्याला थोडा राग आला असावा. बदामीचा तांबडा वालुकाश्म पुन्हा आडवा आहे. त्याच्या मोठ्या थरांत तिरप्या बारीक रेषा दिसतात; त्या वाळू वाहवणाऱ्या प्रवाहाच्या खुणा होत. आदल्या दिवशीच्या खाणीपासून आम्ही फार दूर आलेलो नव्हतो. तेथे उभे थर, येथे आडवे. मग दाब येथेच का आला नाही?

उत्तर असे की, हे आडवे थर दाबानंतरचे आहेत. बदामीच्या आसपास या वालुकाश्माच्या तळाशी गोट्यांचा एक थर आहे. तो निरखून पाहिला म्हणजे त्यातील गोटे खालच्या, आधी वाकलेल्या खडकांचेच तुकडे आहेत असे कळते. विटा उभ्या लावून जमीन करावी, वर आलेली टोके घासून सपाट करावीत आणि त्यावर काँक्रीट ओतावे, तसा हा प्रकार. पहिला गाळ साचला, त्याचा दगड झाला, तो वाकला, उंचावला, पाऊस-वाऱ्याने झिजून सपाट झाला, आणि त्या सपाटीवर पुन्हा वाळू साचू लागली. ही सर्व मध्यंतरे त्या एका रेषेत मिटून गेली आहेत. भूगर्भशास्त्रात अशा रेषेला विसंगती म्हणतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशीच एक रेषा १७८८ साली जेम्स हटन यांनी पाहिली आणि पृथ्वीचे वय माणसाच्या कल्पनेपेक्षा फार मोठे असले पाहिजे, हा विचार तेथून दृढ झाला. खाणीत पाहिलेले खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत. आणि त्यांच्याही खाली, सौंदत्तीच्या दक्षिणेस धारवाडकडे किंवा पूर्वेस इळकलकडे जे उघडे पडतात, ते ग्रॅनाइट, नाइस आणि शिस्ट जातीचे खडक अडीचशे कोटी वर्षांच्या मागचे. ते तर मुळापासून भाजून, मळून, उभे चिरून निघालेले आहेत. कधीकाळच्या खऱ्या पर्वतांच्या त्या मुळ्या होत. पर्वत गेले, मुळ्या राहिल्या, आणि त्यांवर आज ज्वारी पिकते.

आता पाण्याकडे वळतो. चाचा दीड दिवस गप्प बसून हे ऐकत होते. महाकूटच्या पुष्करिणीपाशी त्यांनी तोंड उघडले. देवळाच्या आवारातील हे कुंड जिवंत झऱ्यावर भरते. आमच्यासमोर मुले त्यात पोहत होती, आणि पाणी तळाचा दगड दिसेल इतके नितळ होते. चाचा म्हणाले, "साहेब, हा झरा डोंगराच्या माथ्यावर का नाही? आणि तिकडे खाणीजवळ का नाही?"

प्राध्यापक म्हणाले की, दोन दिवसांत विचारलेला हा सर्वांत कामाचा प्रश्न आहे. महाकूटच्या डोंगरावरचा वालुकाश्म आडवा आणि उभ्या चिरांनी भरलेला. पावसाचे पाणी चिरांतून खाली उतरते. खाली कमी चिरांचा, घट्ट थर लागला की त्याला पुढे वाट मिळत नाही. मग ते आडवे सरकते आणि डोंगराच्या पायथ्याशी बाहेर पडते. आडव्या थरांच्या मुलखात झरे असे पायथ्याच्या रेषेवर मिळतात. उभ्या थरांच्या मुलखाचा नियम वेगळा. तेथे एक थर चिरलेला, दुसरा घट्ट, तिसरा चुनखडीचा. पाणी थराला धरून लांबवर जाईल, पण शेजारच्या थरात शिरणार नाही. म्हणून लोकापूरकडे एका शेतकऱ्याच्या विहिरीला भरपूर पाणी असते आणि शंभर फुटांवर भावाची विहीर कोरडी. भाऊबंदकीचा दोष नाही, थराचा आहे. वाकलेल्या दगडाच्या कमानीवर चिरा जास्त उघडतात, तेथे पाणी मिळण्याचा संभव अधिक. चुनखडकात पाणी चिरा विरघळवून रुंद करते, त्यामुळे ते सढळ मिळते खरे, पण ते जड असते. साबणाला फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, आणि भांड्याला आतून पांढरा लेप बसतो. पूर्वेकडील ग्रॅनाइटच्या पट्ट्यात तर आणखी एक संकट आहे. बागलकोट जिल्ह्याच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जादा आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षे पोटात गेले तर मुलांचे दात डागाळतात आणि पुढे हाडे धरतात. पाणी जितका काळ अशा खडकात मुरून राहील, तितके ते अधिक उचलते.

चाचांनी मान हलवली. "आम्ही खणताना मुरुमातला पाझर पाहायचो. काळा फत्तर लागला आणि त्याला चीर नसली, की मुकादमाला सांगायचो, आता खाली सुरुंगाची दारू फुकट जाईल. लोक ऐकायचे नाहीत. त्यांना वाटे, जितके खोल तितके पाणी."

"मास्तरांनाही तसेच वाटत होते," कार्यवाह म्हणाले, आणि सगळे हसले.

परतताना मलप्रभेच्या नविलतीर्थावर थोडा वेळ थांबलो. कठीण क्वार्टझाइटची रांग नदीने मधोमध कापली आहे. त्या अरुंद खिंडीत धरण बांधले गेले आणि त्याचे पाणी हुबळी-धारवाड पितात. कानडीत नविलु म्हणजे मोर. प्रत्यक्षात मोर काही दिसला नाही.

पुढच्या रविवारी प्राध्यापक आपल्या आवारात आले. चाचांनी दोर सोडून मोजले: विहीर ४२ फूट खोल, व्यास १४ फूट, तळाशी सहा-सात फूट गाळ आणि कचरा. उजेडासाठी दिवा सोडल्यावर विहिरीच्या भिंतीवर बेळगावची जमीन कापून ठेवल्यासारखी दिसली. वर तांबडी माती, मग जांभ्यासारखा भोकाभोकांचा थर, मग पिवळट मुरूम, त्याखाली चिरलेला बेसाल्ट, आणि ३० फुटांच्या जरा खाली हातभर जाडीचा गेरूच्या रंगाचा पट्टा. तो एका लाव्हाथराचा माथा. पुढचा थर येऊन पडण्यापूर्वी तो बराच काळ उघडा राहिला, कुजला आणि भाजून तांबडा झाला. पट्ट्याच्या लगत दगड ओला होता. जानेवारीअखेर, वर सगळे कोरडे असताना, तेथे ओल होती.

"तुमचे पाणी हे आहे," प्राध्यापक म्हणाले. "आणि बोअर मारताना तुम्ही काय केले? वरचा भाग ढासळू नये म्हणून पहिले साठ फूट लोखंडी केसिंग घातले. म्हणजे जेथे पाणी होते तेथे नळीला भिंत घातली, आणि जेथे दगड घट्ट होता तेथे नळी उघडी ठेवली."

एक वाक्य, पण ५२० फुटांचा खर्च त्यात आला. खोल गेल्यावर कधीच पाणी मिळत नाही असे नव्हे. खोलवरची एखादी चीर किंवा दोन लाव्हाथरांमधील सांधा सापडला तर मिळते. पण तो सापडणे नशिबाचे, आणि त्यातील साठा बहुधा जुना व तुटपुंजा. पहिल्या बोअरसारखा तो दोन उन्हाळ्यांत उपसून होतो. दरवर्षीचा पाऊस ज्या थरात थेट उतरतो, तो वरचाच. त्याला विहीर लागते, कारण ती चहूबाजूंनी पाझर गोळा करते आणि साठवतेही. शाळामास्तराचा हिशेब सांगतो. १४ फूट व्यासाच्या विहिरीचे तळक्षेत्र १५४ चौरस फूट. एक फूट पाणी म्हणजे सुमारे ४,३५० लिटर. साडेसहा इंची बोअरमध्ये एक फूट पाणी म्हणजे जेमतेम साडेसहा लिटर. वसतिगृहात मुले ६२. दरडोई ७० लिटर धरले तर दिवसाची गरज ४,३४० लिटर. म्हणजे आपली मुले दररोज या विहिरीतील एक फूट पाणी वापरतील. रात्रीत एक फूट पाझरले तर काटा बरोबर बसतो; न पाझरले तर टँकर.

पाझर वाढवावयाचा, तर पाऊस आत गेला पाहिजे. बेळगावात वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वसतिगृहाचे छप्पर सुमारे ३०० चौरस मीटर. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी २ लक्ष ८८ हजार लिटर पाणी केवळ छपरावरून गटारात जात होते. अशा मुरूम-बेसाल्टमध्ये पोकळी किती असते? शंभर भाग दगडात पाणी देईल अशी जागा फार तर दोन भाग. अर्ध्या एकराच्या, म्हणजे २,००० चौरस मीटरच्या आवाराखाली पातळी एक मीटर चढावयाची तर ४० हजार लिटर मुरले पाहिजेत. छपराचे पाणी सात मीटरांना पुरावे, असा हिशेब एका मुलाने लगेच मांडला. तो कागदावर बरोबर आहे. परंतु जमिनीखाली कुंपण नसते; आपण मुरवलेले पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतही जाईल, आणि शेजाऱ्याने जोराने उपसले तर आपले त्याच्याकडे ओढले जाईल. आवाराच्या पूर्वेस नव्या इमारती झाल्या आहेत, त्या प्रत्येकीची बोअर आहे. त्यांच्याशी बोलण्याचे काम अद्याप झालेले नाही.

टिळकवाडीतील काँग्रेस विहीर सर्वांच्या परिचयाची आहे. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा आलेल्या लोकांच्या पाण्यासाठी ती खणली होती. मध्यंतरी तिच्याकडे दुर्लक्ष झाले, आणि १९९० नंतरच्या दशकात टंचाई आली तेव्हा शहरातील अशा जुन्या विहिरी गाळ काढून पुन्हा वापरात आणाव्या लागल्या. म्हणजे आमच्या शहराला हा धडा एकदा मिळालेलाच होता. राकसकोप आणि हिडकल यांचे नळ आले आणि आम्ही तो विसरलो. मी तर त्याच्यावर अनुमोदनाची सही केली.

फेब्रुवारीत विहीर उपसली. अकरा ट्रॉल्या गाळ निघाला, त्यात तीन सायकलींची चाके आणि शाळेची हरवलेली घंटा. कठडा बांधला, वर लोखंडी जाळी घातली, छपराचे पाणी वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडले. मार्चमध्ये पाणी तपासून घेतले. क्षार बेताचे, फ्लोराइड मर्यादेच्या आत. पण जंतू आढळले. वसतिगृहाची सेप्टिक टाकी विहिरीपासून केवळ ४० फुटांवर आहे, आणि ज्या चिरा पाणी आणतात त्याच चिरा घाणही आणतात. म्हणून हे पाणी तूर्त धुण्याला, बागेला व न्हाणीलाच वापरतो. पिण्याचे पाणी नळाचेच. टाकी आवाराच्या उतराच्या बाजूला हलवावयाची, तर त्याचा अंदाजी खर्च पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. त्या ठरावाला कोणी अनुमोदन द्यावयाचे, हे सभासदांनी ठरवावे. माझे नाव सुचवले तर मी तयार आहे.

दर रविवारी सकाळी दोन मुले गाठी मारलेला दोर सोडून पाण्याची पातळी मोजतात आणि वहीत लिहितात. मेच्या शेवटच्या रविवारी काठापासून पाणी ३६ फुटांवर होते, म्हणजे तळाशी सहा फूट शिल्लक होते, आणि त्या महिन्यात एकच टँकर मागवावा लागला. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी ते ११ फुटांवर आले. वही कार्यालयात डाव्या कपाटात ठेवली आहे. ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी कार्यवाहांकडून किल्ली घ्यावी.